गुणसूत्रं कात्रीनं कापणारी मी बायोइन्फर्मॅटिक्समध्ये कशी पोचले

पट्टेरी_गुणसूत्र (धागाकर्ती)

मागे एका धाग्यावर मी सहज लिहून गेले होते की माझं पहिलं संशोधन कात्री आणि डिंकानं झालं, आणि आता बायोइन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकावर सोडवण्यात, सगळा दिवस टर्मिनलच्या (संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या) काळ्या खिडकीत जातो. त्यावर तिघाचौघांचे व्यनि (खाजगी निरोप) आले, 'हे सविस्तर लिहा'. तर लिहिते. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

कात्रीपासून सुरुवात. पशुवैद्यकीची पदवी घेऊन मी प्राणी-आनुवंशिकीत शिरले ती गुणसूत्रांच्या दारानं. जनावराचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी इन्क्युबेटरमध्ये तीन दिवस वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन मध्यात कोल्चिसिन घालून त्यांना जागच्या जागी थांबवायचं, स्लाइडवर थेंब सोडायचा, रंगवायचं, आणि एखादी नीट पसरलेली पेशी मायक्रोस्कोपखाली सापडली की फोटो काढायचा. मग फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापून, जोड्या जुळवून, मोठ्याकडून लहानाकडे कार्डावर चिकटवायचं. म्हशीचं काम त्यातल्या त्यात सुखाचं. नदी-म्हशीची गुणसूत्रं ५०, आणि त्यातल्या पाच जोड्या दोन बाहूंच्या, लांबूनही ओळखू येतात. गायीची ६०. एक्स-वाय सोडले तर २९ च्या २९ जोड्या एकाच साच्यातल्या, सगळ्यांचा सांधा एका टोकाला, फरक काय तो उंचीत. पट्टे रंगवून घेतले नाहीत तर बाराव्याला तेरावं म्हणून कधी चिकटवलं ते आपल्यालाही कळत नाही.

एका गायीचं कार्ड लावताना पहिल्या गुणसूत्राचा जोडीदार सापडेना. मग लक्षात आलं, एकोणतिसाव्याचाही नाही. टेबलाखाली शोधलं, केराचा डबा उपसला, चपलांचे तळवे पाहिले. शेवटी त्याच गायीच्या दुसऱ्या पेशीचा फोटो कापायला घेतला. तिथंही तेच दोघे गैरहजर. तेव्हा कार्डाच्या कोपऱ्यात पडलेल्या एका लांब तुकड्याकडे लक्ष गेलं, जो मी नवखेपणात एक्स समजून बाजूला सारला होता. पण एक्स तर दोन आधीच लावून झालेले! हरवलेले दोघे एकमेकांना जोडले जाऊन तिथं पडले होते. एकूण गुणसूत्रं ५९. १९६४ साली स्वीडनमधल्या गुरांत हा प्रकार नोंदला गेला, नंतर तो कितीतरी जातींमध्ये सापडला. असं जनावर दिसायला ठणठणीत असतं. मात्र त्याच्या काही गर्भांत गुणसूत्रांचा हिशेब चुकतो, ते लवकरच जातात, आणि गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं.

पुढची काही वर्षं मायक्रोसॅटेलाइट्सची, म्हणजे डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची; जनावरं ओळखायला ते खुणा (मार्कर) म्हणून वापरतात. ॲक्रिलामाइडची जेल ओतायची, रात्रभर चालवायची, चांदीच्या क्षारानं रंगवायची, आणि उजेडाच्या पेटीवर ठेवून पट्ट्या मोजायच्या. याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांच्या बोटांना आठवत असेल.

मग चिप आली. २००८ च्या सुमाराला गायीची ५४,००१ स्निपची चिप बाजारात आली, म्हणजे जिनोममधल्या (जनावराच्या सगळ्या डीएनएतल्या) तेवढ्या जागांवर कुठलं अक्षर आहे ते एका झटक्यात सांगणारी काचपट्टी. त्याआधी आम्ही २० मार्करांवर प्रबंध लिहीत होतो. २,००० जनावरांचा निकाल म्हणजे १० कोटी ८० लाख नोंदी. मी सवयीनं ती फाइल एक्सेलमध्ये उघडली. एक्सेलला स्तंभ १६,३८४. बाकीचे त्यानं गुपचूप टाकून दिले आणि मी तिसऱ्या दिवशी विचारतेय की अमुक गुणसूत्राच्या पुढचं काहीच का दिसत नाही. एका सहकाऱ्यानं फाइलचे चार तुकडे करून दिले, त्यातल्या एकात जनावरांचा क्रम बदलला. आठवडा गेला. नंतर शेजारच्या विभागातला एक मुलगा आला, त्यानं काळी खिडकी उघडून एक ओळ लिहिली आणि चार सेकंदांत मला हवे ते स्तंभ काढून दिले. त्या दिवशी मला राग आला होता, हे प्रामाणिकपणे लिहिते. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याकडे शिकायला बसले.

लोक विचारतात, विषय कधी बदललास? मला विषय बदलल्यासारखं वाटतच नाही. प्राण्यांची आनुवंशिकी हे मुळातच हिशेबाचं शास्त्र. ज्या स्यूअल राइटनं १९२२ मध्ये नात्यातल्या पैदाशीचा गुणांक मांडला, तो तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिग आणि गुरांच्या वंशावळींवर बसलेला होता. संख्याशास्त्रज्ञ फिशरचा १९१८ चा नातेवाइकांमधल्या साम्याचा लेख आजच्या अर्ध्या संख्याशास्त्राचा पाया आहे. गायीचं दूध वळूत दिसत नाही. ते त्याच्या मुलींवरून काढावं लागतं. जे दिसत नाही ते आकड्यांवरून काढायची खोड आमच्या धंद्याला शंभर वर्षांपासून आहे. बदललं ते हत्यार.

तूर्त इथं थांबते. प्रश्न विचारा.

काडीपेटी

चपलांचे तळवे! वाचतोय, पुढचं टाका.

लूप_मधला_लूप

लेख आवडला. तरी थोडं खुसपट काढतो. मी उलट्या दिशेनं आलोय, संगणकशास्त्रातून. माझा अनुभव असा की लागेल तेवढं जीवशास्त्र कामावर शिकता येतं. जनुक म्हणजे काय, एक्सॉन म्हणजे काय, हे महिन्या-दोन महिन्यांत कळतं. गतिमान अल्गोरिदम लिहिणं तसं नाही येत. डीएनए-प्रथिनांच्या अक्षरमाळा एकमेकींशी ताडायच्या रीती बघा: १९७० चा नीडलमन-वुन्श घ्या, १९८१ चा स्मिथ-वॉटरमन घ्या, १९९० चा ब्लास्ट घ्या. या क्षेत्राच्या मोठ्या उड्या अल्गोरिदमच्या आहेत. आमच्याकडे प्रयोगशाळेतून आलेले लोक हुशार असतात, पण त्यांचा कोड पाहिला की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. फाइलचं नाव 'फायनल_खरंच_फायनल_३'.

पट्टेरी_गुणसूत्र

@लूप_मधला_लूप, फाइलच्या नावाबद्दल गुन्हा कबूल. बाकीच्याबद्दल एक गोष्ट सांगते, मग ठरवा.

एका प्रकल्पात आम्हाला जीनोटाइपचा, म्हणजे कुठल्या जनावरात कुठल्या जागी कुठली अक्षरं याचा, डेटा आला, ९६-९६ खळग्यांच्या (वेलच्या) प्लेटांमध्ये. तपासणीत एका प्लेटचं काहीच जुळेना. वळूंच्या एक्स गुणसूत्रावर दोन-दोन वेगळी अक्षरं दिसत होती. वळूला एक्स एकच, त्याच्या टोकाचा छोटा भाग सोडला तर तिथं दोन अक्षरं येणार कुठून? वासरं आणि त्यांचे नोंदलेले बाप यांचाही मेळ बसेना. माझे संगणकवाले सहकारी नियमानं वागले: जे जुळत नाही ते गाळा. सगळी प्लेट बाद. ९६ वेलपैकी एक रिकामा नियंत्रणाचा, म्हणजे ९५ जनावरं. त्यातल्या कित्येकांचं रक्त पुन्हा मिळणार नव्हतं, जनावरंच उरली नव्हती.

मी यादी उघडून बसले. आमच्या पद्धतीत पाण्याचा रिकामा वेल नेहमी शेवटी, एच-१२ ला. इथं एच-१२ मधून झकास निकाल आला होता आणि रिकाम्यासारखा कोरा निकाल होता ए-१ मध्ये. पहिल्या वेलमध्ये. आता ज्यानं पिपेट हातात धरलेलं आहे त्याच्या डोळ्यासमोर इथं लगेच चित्र येतं: कुणीतरी प्लेट उलटी फिरवून यंत्रात ठेवली. एक कोपरा तिरपा कापलेला असतो तो यासाठीच, पण थकलेल्या माणसाला संध्याकाळी तो दिसतोच असं नाही. अर्धा फेरा फिरवली की ए-१ जातो एच-१२ च्या जागी, बी-१ जातो जी-१२ च्या जागी. मी सहा ओळींचा कोड लिहून सगळी नावं उलटी लावली. वळू वळू झाले, गायी गायी झाल्या, वासरांना आपापले बाप मिळाले. ९५ च्या ९५.

त्या सहा ओळी तुम्ही माझ्यापेक्षा नेटक्या लिहिल्या असत्या यात शंका नाही. पण त्या लिहायच्या आहेत हे सुचायला प्लेट फिरवून पाहिलेली असावी लागते.

लूप_मधला_लूप

हे मान्य. मीही गाळणाऱ्यांतलाच असतो. :)

आता माझ्या बाजूची ऐका. एका संशोधकानं दोन हजार जनावरांमधलं जिनोमवरून नातं काढायला स्क्रिप्ट लिहिली होती. प्रत्येक जोडी घ्यायची, प्रत्येक स्निपवर दोघांची अक्षरं ताडून पाहायची, बेरीज करायची. दोन हजारांच्या जोड्या होतात १९ लाख ९९ हजार, प्रत्येकीत ५० हजार तुलना. म्हणजे १० हजार कोटींच्या घरात फेऱ्या, त्याही आर या संगणकभाषेतल्या लूपनं (एकेक करून फिरणाऱ्या आज्ञेनं). स्क्रिप्ट अकरा दिवस चालू होती आणि ते रोज सकाळी येऊन पाहायचे, टक्का पुढे सरकला का. मी ते मॅट्रिक्सच्या (आकड्यांच्या चौकोनी तक्त्याच्या) एका गुणाकारात बसवलं, काही मिनिटांत उत्तर. त्यांना गाय माझ्या दसपट कळत होती. पण अकरा दिवस हो!

जुनं_वळण

बऱ्याच दिवसांनी इथं लिहितोय. निवृत्त आहे, आयुष्य वळूंच्या मूल्यमापनात गेलं.

बाळांनो, तुमच्या दोघांच्या भांडणातला माणूस हेंडरसन. कॉर्नेलमधला. वळूच्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत, वेगवेगळ्या चाऱ्यावर, वेगवेगळ्या ऋतूंत व्यालेल्या. मग चांगलं दूध वळूमुळे की गोठ्यामुळे हे एकाच समीकरणसंचात सोडवायची त्याची रीत म्हणजे ब्लप. रीत सुंदर, पण तिच्यात सगळ्या जनावरांच्या नात्यांचा मॅट्रिक्स उलटा करावा लागे. एक लाख जनावरं म्हटली तर १ हजार कोटी घरं. आमच्या वेळच्या यंत्रांना ते सात जन्मांत जमलं नसतं. म्हणून आम्ही फक्त वळू धरायचो, गायींना समीकरणाबाहेर ठेवायचो, आणि ते चूक आहे हे माहीत असूनही ठेवायचो.

१९७६ मध्ये हेंडरसननं दाखवलं की तो मॅट्रिक्स तयार करून उलटा करायची गरजच नाही. वंशावळीची यादी वरून खाली वाचत जायची, आणि प्रत्येक जनावरासाठी उलट्या मॅट्रिक्सच्या फार तर नऊ घरांत ठराविक आकडे टाकत जायचे. जनावर, त्याचा बाप, त्याची आई, यांच्या आपसातली घरं. बस. पोराला अर्धं बापाकडून आणि अर्धं आईकडून येतं, एवढ्या एका जैविक गोष्टीवर ती युक्ती उभी आहे. आता सांगा, हे जीवशास्त्र की अल्गोरिदम?

आणि पट्टेरी, अगं, टेबलाखाली शोधणारी तू एकटी नाहीस. आमच्याकडे पंच कार्डांचा गठ्ठा जिन्यात सांडला होता एकदा.

रिकामा_रकाना

माझा प्रश्न थोडा भोचक आहे. आकडे आधीच गोळा झालेले, जनावरं आधीच जन्मलेली. नुसतं संगणकासमोर बसून प्राण्यांबद्दल खरोखर नवं असं काही सापडतं का? की फक्त वेगानं जुनंच?

पट्टेरी_गुणसूत्र

@जुनं_वळण, काका, नऊ घरांची युक्ती मी इतकी सोपी करून सांगितलेली आजवर वाचली नव्हती.

@रिकामा_रकाना, अजिबात भोचक नाही. माझा सगळ्यात आवडता शोध असाच नुसत्या बसण्यातून लागलाय, आणि तोही जे नाही ते पाहून.

होल्स्टीन गायींच्या जिनोमवरून अमेरिकेत २००९ च्या जानेवारीपासून अधिकृत मूल्यमापन सुरू झालं. त्यासाठी हजारो जनावरांचे जीनोटाइप जमा होत गेले. २०११ मध्ये व्हॅनरेडन आणि सहकाऱ्यांनी त्या ढिगाला एक साधा प्रश्न विचारला. जिनोमचा एखादा ठराविक तुकडा आईकडूनही आलाय आणि बापाकडूनही आलाय, अशी जनावरं किती? समजा तुकडा बाळगणाऱ्या वळूंचे तो बाळगणाऱ्याच गायींशी संबंध आले आणि एक हजार वासरं झाली, तर अडीचशेच्या आसपास वासरांत तो दुहेरी दिसायला हवा. काही तुकडे असे निघाले की ते कळपात भरपूर, पण दुहेरी बाळगणारं जिवंत जनावर एकही नाही. शून्य. म्हणजे तसे गर्भ तयार होत होते आणि जन्माआधीच जात होते. गोठ्यात काय दिसायचं? गाय उलटली (गाभण राहिली नाही), पुन्हा भरवा. नशीब म्हणून सोडून दिलं जायचं.

त्यातल्या एचएच१ या तुकड्याचा माग १९६२ साली जन्मलेल्या चीफ नावाच्या वळूपर्यंत गेला. पाळीव प्राण्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात यशस्वी बापांपैकी एक. त्याच्या मुली १६ हजार, नाती पाच लाख, पणत्या २० लाखांहून जास्त. एपीएएफ१ नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक, त्यामुळे प्रथिन अर्ध्यातच तुटतं. २०१६ च्या अंदाजानुसार ३५ वर्षांत जगभरात सव्वापाच लाखांच्या आसपास गर्भपात या एका चुकीपायी झाले. तरीही चीफला वापरल्यानं दुधात झालेला फायदा या नुकसानीच्या कितीतरी पट, म्हणजे त्याला खलनायकही करता येत नाही.

मी गुणसूत्रं कापत होते तेव्हा या चुकीच्या किती गायी माझ्या मायक्रोस्कोपखालून गेल्या असतील. एका अक्षराची चूक तिथं दिसणं शक्यच नव्हतं.

काडीपेटी

'जे नाही ते पाहून' वाचून काटा आला.

बावचळलेली_बाहुली

ताई, मी प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिकतेय. पीसीआर, जेल सगळं जमतं, आवडतंही. पण सगळे सांगतात बायोइन्फर्मॅटिक्स शीक. गणित बारावीनंतर सुटलं. पायथन की आर, इथंच दोन महिने अडकलेय. व्हिडिओ बघते, पाचव्या भागापर्यंत जाते आणि सोडून देते. खरं सांगा, माझ्यासारखीला जमेल का?

पट्टेरी_गुणसूत्र

बाहुली, जमेल की नाही हे मला इथून कळणार नाही, पण तू अडकलीयस ती जागा चुकीची आहे. पायथन की आर हा प्रश्न सोडून दे. नाणं उडव. मला विचारशील तर तुला संख्याशास्त्र जास्त लागणार असेल तर आर, कारण बायोकंडक्टर ही जीवशास्त्राच्या हत्यारांची सगळी पेटी तिथं तयार आहे. फाइली मोडायच्या-जोडायच्या असतील तर पायथन. वर्षभरात दोन्ही लागतात.

त्याआधी लिनक्सची काळी खिडकी. ग्रेप, कट, सॉर्ट, ऑक या तिथल्या आज्ञा: शोधा, कापा, लावा, मोडा-जोडा. माझं अजूनही निम्मं काम या चौघांवर चालतं. आणि व्हिडिओ बघून हे येत नाही गं, पोहणं जसं काठावर बसून येत नाही. स्वतःची एक फाइल घे आणि तिला प्रश्न विचार.

गणिताचं म्हणशील तर सगळं लागत नाही, पण शक्यता, रिग्रेशन आणि थोडी मॅट्रिक्सची ओळख यांना पर्याय नाही. का ते सांगते. चिपच्या पहिल्या विश्लेषणात मी ५४ हजार स्निप एकेक करून दुधाशी ताडले आणि पी-व्हॅल्यू (काहीच संबंध नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली असलेले निवडले. अडीच-तीन हजार निघाले. मी यादी छापून गाइडकडे नाचत गेले. त्यांनी विचारलं, 'दुधाच्या जागी यदृच्छेनं आकडे टाकले असते तर किती निघाले असते?' ५४ हजारांचे पाच टक्के म्हणजे २,७००. माझा सगळा शोध त्या २,७०० मध्ये बुडाला. तिथून जिना उतरताना मी संख्याशास्त्राचं पुस्तक शोधायचं ठरवलं, आणि उतरले ती थेट ग्रंथालयात.

एक्सेलपासून जपून राहा. सेप्ट२, मार्च१ अशा नावाच्या जनुकांच्या तो तारखा करून ठेवतो. २०१६ च्या एका पाहणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या लेखांपैकी जवळजवळ एक-पंचमांशात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये माणसांनीच माघार घेऊन जनुकांची नावं बदलली.

आणि जेल सोडू नकोस. निदान विसरू नकोस. वरची प्लेटची गोष्ट पुन्हा वाच.

आता तुझा अभ्यास: गायीच्या संदर्भ-जिनोमची एआरएस-यूसीडी१.२ ही फाइल उतरवून घे. डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गायीचा आहे. २००९ मध्ये जो पहिल्यांदा छापून आला तोही मुख्यतः तिचाच, हा लांब तुकडे वाचणाऱ्या नव्या यंत्रांवर पुन्हा जोडलेला. त्यात कुठकुठली गुणसूत्रं आहेत ते ग्रेपनं काढ आणि इथं येऊन सांग. व्हिडिओ न बघता.

लूप_मधला_लूप

+१. त्यात माझी भर: जागा मोजताना काही फाइली शून्यापासून मोजतात, काही एकपासून. बेड या प्रकारच्या फाइली शून्यापासून, जीएफएफ आणि व्हीसीएफ प्रकारच्या एकपासून. एका अक्षरानं सगळं सरकलेलं दिसलं तर स्वतःच्या बुद्धीवर शंका घेण्याआधी हे तपासायचं.

ओली_प्रयोगशाळा

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारते. बदलताना त्रास काय झाला? मी त्याच वाटेवर आहे आणि मला रोज वाटतं की मी दोन्हीकडची अर्धवट आहे.

पट्टेरी_गुणसूत्र

झाला ना. पहिली दोन वर्षं मी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलांकडून शिकत होते आणि त्यांच्याच बरोबरीच्या पदावर होते. जुन्या विभागात मला 'ती संगणकाकडे गेली' म्हणत, नव्यात 'ती जनावरांकडची'. अर्धवटपणा मला अजून वाटतो. कमी झालाय, गेला नाही.

खरी चीड वेगळ्या गोष्टीची होती. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मला लोक फाइल पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'उद्यापर्यंत पी-व्हॅल्यू काढून द्या.' प्रयोग त्यांनी आखलेला, सगळी आजारी जनावरं सोमवारी तपासलेली, सगळी निरोगी गुरुवारी, वेगळ्या किटवर. फरक आजाराचा की वाराचा, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. मी तसं लिहून पाठवलं की उत्तर यायचं, 'दुसरं एखादं सॉफ्टवेअर वापरून बघा.' फिशर १९३८ च्या एका भाषणात म्हणाला होता की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशानं मेला एवढं तो फार तर सांगेल. मी पशुवैद्य, शवविच्छेदन मला येतं. पण रोज?

तिथून बाहेर पडताना एक अट स्वतःलाच घातली, ती अजून पाळते: प्रयोग आखायच्या बैठकीला मला बोलावलं नसेल तर डेटा घ्यायचा नाही. दोनतीन प्रकल्प हातचे गेले त्यापायी. जाऊ देत.

आणि एक चुकल्यासारखं वाटतं ते सांगते, हसू नका. जनावराचा वास. सर्व्हरच्या खोलीला वास नसतो.

ओली_प्रयोगशाळा

नाही हसले. ती अट उद्या मीही घालून बघते, नोकरी राहिली तर कळवीन.

भविष्यवेत्ता७

एवढं शिकून उपयोग काय? प्रथिनांच्या आकाराचं कोडं अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीनं सोडवलं, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्या कामाला मिळालं. कोड आता यंत्रच लिहितं. पाच वर्षांत बायोइन्फर्मॅटिक्सवाले घरी.

लूप_मधला_लूप

अल्फाफोल्ड शिकला तो प्रयोगशाळेतल्या लोकांनी अनेक दशकं एकेक करून ठरवलेल्या प्रथिनांच्या रचनांवर. त्या सगळ्या जिथं साठवल्या ती पीडीबी (प्रोटीन डेटा बँक) १९७१ पासून चालू आहे. कोड यंत्रानं लिहिला तर मला आनंदच आहे, निदान फाइलची नावं तरी बरी ठेवेल. पण प्लेट उलटी ठेवली होती हे त्याला सांगणार कोण?

जुनं_वळण

भविष्यवेत्ता, चिप आली तेव्हा मलाही सांगितलं होतं, आता वंशावळी जाळून टाका. आज जिनोम आणि वंशावळ एकत्र घेऊनच सगळ्यात चांगलं मूल्यमापन होतं. माझी जुनी वह्यांची पेटी न्यायला मागच्या वर्षी दोन मुलं आली होती.

बावचळलेली_बाहुली

ताई, केलं! दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं. ग्रेपनं सगळ्या शीर्षक-ओळी काढल्या, त्यातून न जुळलेले सुटे तुकडे वगळले. १ ते २९ मिळाली, एक्स मिळालं, मायटोकॉन्ड्रियाचा छोटा तुकडाही मिळाला. पण वाय गुणसूत्र कुठेच नाही. फाइल अर्धवट उतरली असेल म्हणून दोनदा परत उतरवली, फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा चेकसमही जुळवला. मोठ्या अक्षरात, छोट्या अक्षरात, सगळ्या तऱ्हांनी शोधलं. काल रात्री दोनपर्यंत बसले होते. माझं काय चुकतंय?

पट्टेरी_गुणसूत्र

काहीच चुकत नाहीये, फाइल पूर्ण आहे. बाहुली, डॉमिनेट गाय आहे गं.

जुनं_वळण

टेबलाखाली बघितलंस का?